नोकरी, अभ्यास, हातकाम, रान आणि रानातले देव : हे सगळं कसं सांभाळता?

करवंद
बरेच दिवस मनात घोळतंय, आज विचारतेच.

मी पुण्याजवळ एका कारखान्यात हिशेब खात्यात आहे. सकाळी साडेसातची बस, घरी परत यायला संध्याकाळचे सात. मुक्त विद्यापीठातून मराठीचं एम. ए. चालू आहे. हातात कायम एखादी गोधडी असते, कारण आजीच्या आणि आईच्या सुती साड्या बोहारणीला द्यायच्या नाहीत असं ठरवलंय. आणि जमेल त्या रविवारी वेल्हे, मुळशी, भोरकडच्या देवरायांत जाते.

श्रद्धेचं म्हणाल तर मी देव मानते. पण माझे देव देवळातले कमी, रानातले जास्त. वाघजाई, काळकाई, म्हसोबा, पाण्याकाठच्या साती आसरा. शेंदूर माखलेल्या तांदळ्यापुढे, म्हणजे देव मानलेल्या दगडापुढे, वर उंबर किंवा सातवीण असली की माझे हात आपसूक जोडले जातात. युरोप-अमेरिकेत अशा निसर्गपूजकांना पेगन म्हणतात आणि रोजचं काम सांभाळून उपासना कशी करायची यावर त्यांच्यात खूप बोललं जातं. आपल्याकडे ही उपासना गावोगाव आहे, पण या बाजूने कोणी बोलत नाही. म्हणून हा धागा.

अडचण अशी की या पाच गोष्टी एकमेकींचा वेळ खातात. परीक्षा आली की गोधडी ट्रंकेत जाते. मार्चमध्ये पळस-पांगारा फुललेला असतो आणि मी ताळेबंदात अडकलेली असते. गोधडी संपवायला बसले तर अभ्यास राहतो, अभ्यासाला बसले तर रान राहतं. तुम्ही कसं जमवता? वेळापत्रक करता? एखादी गोष्ट सोडून दिलीत? की हे सगळं एकत्र बांधायची काही रीत आहे?

लव्हाळा
अगदी माझा प्रश्न. उत्तर माझ्याकडे नाही, त्यामुळे इथेच ठाण मांडून बसते.

मृगनक्षत्र
धागा छान. गणपतीला सुट्टी मिळते, म्हसोबाला रजेचा अर्ज टाकावा लागतो आणि कारण म्हणून 'घरगुती' लिहावं लागतं. खरं मूळ तिथेच आहे.

रानपाखरू
करवंदताई, मी डहाणू तालुक्यातली, वारली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल सांगते. आत्ता पहिला पाऊस पडला की रानात कवळीची भाजी उगवेल. ती आधी देवाला, मग घरात. तोवर कोणी तोंडात घालत नाही. नव्या भाताचंही तसंच. धरतरी, कणसरी, गावतरी, हिरवा, नारनदेव ही आमची दैवतं जमिनीशी, धान्याशी, पावसाशी बांधलेली आहेत. त्यामुळे देवाचा दिवस कोणता हे कॅलेंडर बघून ठरवावं लागत नाही. भाजी उगवली की तो दिवस आलाच.

हातकामाचंही सांगते. लग्नात चौक लिहायचा असतो. भिंत शेणाने सारवायची, वर गेरू. तांदूळ भिजवून वाटायचे. बांबूची काडी टोकाशी चावून मऊ करायची, तोच कुंचला. मधे पालघाट देवी, दुसऱ्या चौकात घोड्यावरचा पंचशिऱ्या देव. सवाशिणी लिहितात आणि धवलेरी गात असते. धवलेरी बाईच असते, आणि लग्न तीच लावते. माझी मावशी धवलेरी आहे. ती गाताना एक ओळ चुकली तर थांबते, मागे जाते, पुन्हा पहिल्यापासून धरते. भिंतीपाशी बसलेल्या बायका तेवढा वेळ हात थांबवून ठेवतात. हे उपासना आहे, कला आहे की अभ्यास, ते वेगळं काढायला गेलात तर हातात काहीच उरणार नाही.

मी स्वतः मात्र एक रेघ आखून घेतलीय. सुट्टीत मी कापडावर चित्रं काढते आणि विकते. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरची कला कागदावर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे आमच्या पाड्यातली कितीतरी पोरं चित्रांवर शिकली, त्याचा मला अभिमान आहे. पण देवीचा चौक मी विकत नाही. नाच, शेत, झाडं, तारपा विकते. चौक फक्त लग्नघरात, धवलेरीच्या गाण्यासोबत. ऑर्डर देणाऱ्यांना हे स्पष्ट सांगते, आणि बहुतेकांना पटतं.

हातरुमाल
रानपाखरू, प्रतिसाद फार आवडला. मावशींच्या गाण्यांचं ध्वनिमुद्रण केलं आहे का?

रानपाखरू
मावशी म्हणते, शिकायचं असेल तर शेजारी बसून शिक. म्हणून बसते. थोडी आली आहेत.

काटेसावर
माझं मत थोडं वेगळं आहे, स्पष्ट लिहितो.

मी जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातला, महादेव कोळी. माझी आजी उन्हाळाभर बाळहिरडा गोळा करायची. झाडाखाली वाकून दिवसभर, मग अंगणात वाळवायचा, पोत्यात भरायचा आणि व्यापारी देईल त्या भावाला विकायचा. वाघबारसीला वाघदेवाला नैवेद्य तीच न्यायची. कोणतं झाड कधी फुलतं, कोणतं कंद कसं उकडायचं, सगळं तिला ठाऊक. तिचं काम, रान, देव आणि हातकाम एकच होतं, हे शंभर टक्के खरं. आणि तिला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, हेही तितकंच खरं. सुट्टी हा प्रकार तिच्या आयुष्यात नव्हता. दुखलंखुपलं तरी रानात जावंच लागे.

म्हणून 'पूर्वी सगळं एकत्र होतं' हे वाक्य ऐकलं की मला आजीचे हात आठवतात. वडिलांनी मला आश्रमशाळेत घातलं म्हणून मी आज तालुक्याला नोकरी करतो. मी या गोष्टी मुद्दाम वेगळ्या ठेवतो. नोकरी ती नोकरी. वाघबारसीला मात्र दोन दिवसांची रजा टाकून गावी जातो आणि त्या दोन दिवसांत फोन घेत नाही. वेगळं ठेवल्यामुळे माझ्याकडे दोन्ही टिकलं.

रानपाखरू
काटेसावरदादा, आजीबद्दल लिहिलंत ते माझ्या आजीलाही लागू आहे. शाळा हवीच, म्हणून तर मी शिक्षिका झाले. पण आजीला जे येत होतं त्याला आपण 'अभ्यास' म्हणत नाही, याचं मला वाईट वाटतं. माझ्या वर्गात कवळी, लोत, शेवळं ओळखणारी पोरं आहेत आणि चाचणीत त्यांना शून्य मिळतं. मी त्यांना रानभाज्यांची वही करायला लावते. चित्र, नाव, कधी मिळते, कशी शिजवतात. तेवढी वही तपासायला मला वेगळा वेळ काढावा लागत नाही, ती माझ्या नोकरीतच बसते.

काटेसावर
ही वही मला बघायला आवडेल. मनापासून.

येळवस
रजेवरून आठवलं. आमच्या लातूर-धाराशिवकडे या आणि वेळ अमावस्या बघा. त्या दिवशी लातूरचा बाजार बंद, रस्ते सुने, कारण अख्खं शहर शिवारात. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. शेतात कडब्याची कोपी, म्हणजे छोटी खोप, करतात, आत पाच पांडव मांडतात, म्हणजे चुना लावलेले दगड. मग आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, खिचडा. भज्जी म्हणजे तळलेली भजी समजू नका. हिरवे दाणे, भाज्या आणि बेसन एकत्र शिजवून केलेली ती पातळसर भाजी, तिची चव त्या दिवशी शेतातच लागते. आंबील शिंपडत पिकाभोवती फिरायचं आणि 'ओलगे ओलगे सालम पोलगे' ओरडायचं. ज्याच्याकडे शेत नाही त्याला शेतवाला बोलावतो. आमच्या शेतावर दरवर्षी माझ्या कचेरीतले लोक असतात, जातपात कोणी विचारत नाही.

करवंद, तुमच्या प्रश्नातला मोठा भाग एकट्याने सोडवण्याजोगा नाही असं मला वाटतं. सगळा गाव उठून शेतात जातो तेव्हा कोणाला समतोल साधावा लागत नाही.

मृगनक्षत्र
पुण्याच्या आयटी पार्कात कडब्याची कोपी. मी तयार आहे, उंडे कोण आणणार?

येळवस
उंडे मी आणतो, पण कडबा तुम्ही आणायचा. आजकाल उंड्यांपेक्षा तोच महाग आहे.

माट्टी
गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून नमस्कार. माझी मराठी गोव्याची आहे, सांभाळून घ्या.

मी पणजीला सरकारी कचेरीत आहे, रोज बसने येऊन-जाऊन. चवथ जवळ आली की आमच्याकडे माटोळीची लगबग. गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं-फुलं बांधतात. माट्टीची फळं, कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, कवंडळ, सुपारीचे घोस, नारळाच्या पेंडी. माझे वडील अजून स्वतः डोंगरावर जाऊन आणतात आणि मी सोबत जाते. वनस्पतीशास्त्राची पहिली शिकवणी माझी तिथेच झाली. वडील एक फळ हातात देऊन विचारायचे, झाड कुठे पाहिलंस? सांगता आलं तर बांधायला द्यायचे.

वडिलांचा एक नियम आहे. झाडावरचं सगळं उतरवायचं नाही, पाखरांसाठी आणि रुजण्यासाठी ठेवायचं. माटोळीच्या स्पर्धा होतात, त्या चांगल्याच आहेत, मुलं नावं शिकतात. पण जास्तीत जास्त प्रकार मांडायच्या चढाओढीत दुर्मीळ वेली मुळापासून ओढल्या गेलेल्या मी डोळ्यांनी बघितल्या आहेत. देवाच्या नावाने रान ओरबाडलं तर ती पूजा कसली? आम्ही गेल्या काही वर्षांपासून मोजकंच बांधतो, आणि बिया परसात लावतो.

दुसरं, पौष महिन्यात धालो. मांडावर, म्हणजे त्यासाठी राखलेल्या जागेवर, बायका दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहून गातात, नाचतात, रात्र चढेपर्यंत. सकाळी पणजीची बस असते. झोप अर्धवट होते, कचेरीत डोळे जड होतात, तरी मी एकही रात्र चुकवत नाही. घरात, कचेरीत दिवसभर दुसऱ्यांसाठी राबणाऱ्या बायांना मांड ही एकच जागा स्वतःची आहे.

आणि आमची सातेरी म्हणजे वारूळ. देवळाच्या गाभाऱ्यात वाढणारं मातीचं वारूळ. तिच्यापुढे उभं राहिलं की जमीन देव आहे हे कोणी समजावून सांगावं लागत नाही.

लव्हाळा
माट्टीताई, बिया परसात लावणं ही मोठी गोष्ट केलीत. कांगल्याचं रोप येतं का बीपासून?

माट्टी
येतं, धीर धरावा लागतो. चवथीनंतर माटोळी सोडली की पिकलेली फळं बाजूला काढायची, सावलीत ठेवायची आणि पुढच्या पावसाआधी लावायची.

पानगळ
मी कोकणातल्या देवरहाटींतल्या वेलींवर संशोधन करते, त्यामुळे 'अभ्यास आणि उपासना' हा पेच माझ्या रोजच्या कामातला आहे.

वनस्पतीशास्त्रात नमुना गोळा करावा लागतो. फांदी, फूल, फळ कापायचं, दाबून वाळवायचं, कागदावर चिकटवायचं. आणि देवराईचा पहिला नियम असा की इथलं पान तोडायचं नाही. काही ठिकाणी पडलेली काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही. १९७० च्या दशकात वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांच्या नोंदी केल्या, तेव्हापासून अभ्यासकांना पटलेलं आहे की ही रानं टिकली ती याच नियमांमुळे. ज्या नियमाने माझं संशोधन शक्य झालं तोच नियम मी मोडायचा का?

एका गावात मी गुरवकाकांना सरळ विचारलं. ते म्हणाले, मी कोण सांगणार, देवाला विचारू. कौल लावला. भिजवलेल्या कळ्या देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना चिकटवल्या, माझं म्हणणं मोठ्याने सांगितलं आणि आम्ही वाट बघत बसलो. बराच वेळ काही हललं नाही. मग डावीकडची पडली, म्हणजे नकार. माझ्या सोबतचा विद्यार्थी हिरमुसला, पण मला वाईट वाटलं नाही. त्या रानात मी कात्री बाहेर काढली नाही. गारंबीचा वेल तिथे एवढा जुना आहे की त्याचं खोड दोन हातांच्या कवेत मावत नाही. त्याच्या हातभर शेंगा जागच्या जागी मोजल्या, पानांची चित्रं काढली, फोटो घेतले, सालीचा पोत वहीत लिहिला. कापून नेलं असतं तर दहा मिनिटांत उरकलं असतं. बसून काढल्यामुळे त्या वेलावर कोण कोण राहतं तेही कळलं. नमुने मी देवराईबाहेरच्या रानातून घेतले.

करवंद, मला तुमच्यासारखं वेळापत्रक कधी जमलं नाही. एक सवय लागली आहे. रानात पोचल्यावर वही उघडण्याआधी देवीला सांगायचं की आज काय बघायला आले आहे. तेवढ्याने माझं कामही नीट ठरतं.

काटेसावर
कौलाचा प्रसंग वाचून बरं वाटलं. विज्ञान शिकलेला माणूस गावाच्या नियमापुढे थांबतो हे फार कमी बघायला मिळतं.

सुरंगी
पानगळ, एक विचारू? काही देवराया बायकांना बंद असतात. देवी बाई, आणि आत जायला बाईलाच मज्जाव. तिथे तुम्ही काय करता? मला या गोष्टीचा मनापासून राग आहे.

पानगळ
सुरंगी, राग योग्य आहे. अशा एका ठिकाणी मला सुचवलं गेलं की तू कडेला थांब, मुलं आत जाऊन नोंदी आणतील. मी ती देवराई माझ्या कामातून वगळली. पान न तोडण्याचा नियम सगळ्यांना सारखा आहे, म्हणून तो मी पाळते. हा नियम सगळ्यांना सारखा नाही. दोन्हींना 'परंपरा' म्हणून एकाच मापाने मोजणं मला मान्य नाही.

माट्टी
पानगळ यांना +१.

कुंभ्या
सिंधुदुर्गातून. वर देवराईचे गोडवे गायले आहेत ते बरोबर, पण आज देवराईला सर्वांत मोठा धोका कुऱ्हाडीचा नाही, जीर्णोद्धाराचा आहे. मुंबईकर वर्गणी काढतात, भक्तीनेच काढतात. मग कौलारू घुमटीच्या जागी सिमेंटचं मंदिर, भोवती फरशी, गाड्यांना रस्ता, सभामंडप. त्यासाठी झाडं जातात. ज्या देवाला सावलीत बसायची सवय त्याच्या डोक्यावर आता स्लॅब आहे.

आमच्या गावात हा वाद झाला. शेवटी म्हाताऱ्या मंडळींनी सांगितलं, घुमटी दुरुस्त करा, जागा वाढवू नका. वर्गणीतून चिऱ्यांचा गडगा घातला, म्हणजे गुरं आत शिरणार नाहीत. हे मुंबईकरांनाही पटलं, कारण त्यांना देवासाठी काहीतरी करायचं होतं आणि काय करायचं हे कोणी सांगितलं नव्हतं.

आता थोडं विषयांतर. काटेसावर, तुमचं नाव बघून लिहितोय. कोकणात काही गावी शिमग्याला सावरच तोडतात, जपून राहा.

काटेसावर
हा हा, शिमग्याला गावी येत नाही मग!

पण मुद्दा आहेच. झाडाची पूजा करायची आणि वाजतगाजत तोडून होळी उभी करायची, हे कसं?

कुंभ्या
एका झाडासाठी सगळा गाव रानात जातो, परवानगी मागतो, गाऱ्हाणं घालतो. मी हे समर्थनासाठी म्हणत नाही, पण रस्ता रुंदीकरणात शेकडो झाडं पडतात त्यांना कोणी नारळसुद्धा फोडत नाही. तरी तुमचं म्हणणं मान्य. आमच्या वाडीने पावसात रोपं लावायची आणि पुढचा शिमगा येईपर्यंत जगवायची असं ठरवलं आहे. जबाबदारी ज्याच्याकडे मान त्याच्याकडे.

पागोळी
डब्लिनहून. मी इथे नर्स आहे, रात्रपाळ्या असतात. करवंदताईंनी पेगन लोकांचा उल्लेख केला म्हणून इथलं सांगते.

माझी एक सहकारी स्वतःला पेगन म्हणवते. वर्षाचे आठ सण पाळते. दोन अयनदिन, दोन विषुवदिन आणि त्यांच्या मधले चार. इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या शिरगणतीत सुमारे ७४ हजार लोकांनी धर्माच्या रकान्यात 'पेगन' लिहिलं, म्हणजे हे लोक थोडे असले तरी अगदीच तुरळक नाहीत. १ फेब्रुवारीचा त्यांचा सण इम्बोल्क, वसंताची चाहूल. मेंढ्यांना पान्हा फुटायचा हा काळ. तो दिवस ब्रिजिडचा. जुन्या आयरिश परंपरेत ती कवींची, लोहारांची आणि वैद्यांची देवी. पुढे त्याच नावाची ख्रिस्ती संत झाली. इथे आयर्लंडमध्ये २०२३ पासून त्या निमित्ताने सार्वजनिक सुट्टी मिळते.

त्या दिवशी ओलसर जागी उगवणाऱ्या लव्हाळ्याच्या काड्या आणून क्रूस विणतात. एक काडी उभी, दुसरी दुमडून तिच्यावर, मग चौकट फिरवत एकेक काडी दुमडत जायची आणि टोकं बांधायची. शाळेतली पोरंही करतात. काड्या ओल्या असतात, हाताला चिखलाचा वास राहतो. दारावर लावतात, वर्षभर घर राखायला. आदल्या रात्री एक कापड बाहेर ठेवायचं, त्याला देवीचा स्पर्श होतो आणि ते आजारपणात उपयोगी पडतं अशीही श्रद्धा आहे. मी दोन्ही करते. आमच्या वॉर्डात ते कापड नेत नाही, पण पाळीवर निघताना दारावरच्या क्रूसाला हात लावून निघते. घरात साती आसरांचा हिरवा खणही आहे. दोघींचं छान जमतं.

त्या सहकारीकडून मी एक शिकले. ती प्रत्येक सणाला एकच काम करते. एका सणाला विणते, एकाला बिया पेरते, एकाला फक्त चालायला जाते. सगळं सगळ्या दिवशी करायचा तिचा हट्ट नाही. करवंदताई, तुमची पाच कामं बारा महिन्यांत पसरवली तर? मार्च ताळेबंदाला देऊन टाका. पळसाला एक संध्याकाळ पुरते.

लव्हाळा
माझ्या नावाचा देवीच्या क्रूसात उपयोग होतो हे वाचून आज दिवस सार्थकी लागला!

खड्डामाग
मी सोलापूर जिल्ह्यातला, सनगर घरातला. घोंगडी विणणारे आम्ही. आता एमआयडीसीत तीन पाळ्यांत काम करतो, पण घरचा खड्डामाग मोडू दिलेला नाही.

घोंगडीचं काम हवामानावर चालतं. लोकर कातरून आली की निवडायची, पिंजायची, बाया चरख्यावर सूत काढतात. मग ताण्याला चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून शिजवायचे आणि ती खळ कुंच्याने सुताला लावायची. त्या दिवशी ऊन लागतं. आभाळ आलं तर काम थांबलं. मालकाच्या पाळ्या ऊन बघून ठरत नाहीत. म्हणून मी उन्हाळ्यात रात्रपाळी मागून घेतो आणि दिवसा खळीचं काम करतो. झोप तुकड्यातुकड्याने होते. ही तडजोड सगळ्यांनी करावी असं सांगणार नाही.

मला एक खुपतं. लोक 'हातकाम मनाला शांती देतं' म्हणतात. आमच्या वडिलांनी पोटासाठी विणलं. धनगरांनी मेंढ्या राखल्या, आम्ही विणलं, बिरोबाच्या जत्रेत ती घोंगडी विकली, रात्री तिथेच ओव्या ऐकल्या. आज गिरणीचं ब्लँकेट स्वस्त आहे आणि दख्खनी मेंढीची लोकर कोणी घेत नाही म्हणून लोक ती टाकून देतात. तुम्हाला हातकाम, निसर्ग, देव यांची काळजी असेल तर करणाऱ्याला रास्त दाम द्या. त्याच्या दिवसाचा समतोल त्यावर आहे.

काटेसावर
मी जे म्हणत होतो ते खड्डामाग यांनी माझ्याहून चांगलं मांडलं.

करवंद
खड्डामागदादा, तुमच्याकडची घोंगडी कशी मागवायची, निरोप पाठवते.

मोगरी
नोकरीनिमित्त भुवनेश्वरला आहे. इथे आत्ता जूनच्या मध्यावर रज पर्व. तीन दिवस धरणीमाता रजस्वला असते असं मानतात आणि त्या दिवसांत नांगर, कुदळ, खणणं सगळं बंद. मुली नवे कपडे घालून झोपाळ्यावर बसतात, पोड पिठा खातात, बायकांना दळणकांडण नाही. चौथ्या दिवशी वसुमतीला स्नान.

आपल्या नागपंचमीलाही चिरू-कापू नये, तवा ठेवू नये, जमीन खणू नये. धाग्यात सगळे 'आणखी काय करू' विचारताहेत. आपल्या देवांनी 'आज काही करू नका' असे दिवसही दिले आहेत, ते आपण विसरतो.

सुरंगी
मोगरी, हे फार आवडलं. नागपंचमीला मी लॅपटॉपही उघडणार नाही.

मृगनक्षत्र
तवा नको म्हणजे पुरणाची दिंडं. मला विश्रांतीपेक्षा दिंडांची ओढ जास्त, पण दोन्ही चालेल.

करवंद
सगळ्यांचे आभार. काल रात्री पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

काटेसावरदादा, तुमचं म्हणणं मला पटलं आणि नाहीही पटलं. माझी आजी भोर तालुक्यातली, तिनेही असेच कष्ट काढले. तिच्या साड्यांच्या गोधडीत एका पदरावर शेणाचा डाग आहे, धुऊन जात नाही. मी तो थर वरच ठेवला आहे, आत दडवला नाही. तिचं आयुष्य मला परत आणायचं नाही. पण तिला ठाऊक असलेलं सगळं शाळेच्या बदल्यात सोडून द्यावं लागावं, हेही मला मान्य नाही.

ठरवलंय ते असं. एम. ए. च्या प्रकल्पासाठी साती आसरांची गाणी हा विषय घ्यायचा. पानगळ यांची रीत धरून आधी गाणाऱ्या बायकांना विचारायचं, त्या नको म्हणाल्या तर विषय बदलायचा. म्हणजे अभ्यास, रान आणि श्रद्धा निदान एका दिशेने जातील. मार्चवर पाणी सोडलं, पागोळी म्हणते तसं. गोधडीला घाई नाही. आणि वर्षातून एक दिवस रजेच्या अर्जात खरं कारण लिहिणार आहे.

मृगनक्षत्र
अर्जाचं काय होतं ते इथे कळवा. मंजूर झाला तर आम्ही सगळे तोच मसुदा वापरू.

पानगळ
करवंद, गाणी गोळा करताना गावाचं आणि गाणारीचं नाव छापायचं की नाही हे तिलाच विचारा. कित्येक बायांना नाव हवं असतं, आणि संशोधक परस्पर गाळून टाकतात.

काटेसावर
करवंद, साती आसरांचं एक ठाणं आमच्या ओढ्यावर आहे. आईला गाणी येतात. विचारून सांगतो. आणि तिच्या जुन्या साड्या घरात पडून आहेत, गोधडी शिवायची तर सुरुवात कशी करायची?

करवंद
दादा, नक्की विचारा. गोधडीसाठी आधी साड्या धुऊन उन्हात वाळवा. जरीचे काठ काढून टाका, सुई अडकते. सर्वांत मऊ साडी खाली, अंगाला लागणारी. मधे फाटक्या, वर धड. चारी बाजूंनी कच्चा टाका घालून पसरा, मग कडेकडून धावदोरा घालत आत या. दोरा जाड सुतीच घ्या, नायलॉन कापड कापतो. आईला बोलावून बसवा, त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं येत असणार.

रानपाखरू
वहीचं विचारलं होतं ना काटेसावरदादा, पावसाळा संपला की पोरांच्या वह्या भरतील. दिवाळीच्या सुट्टीआधी या. वाघबारस त्याच दिवसांत असते, तुमच्या गावची चुकवू नका, आधी किंवा नंतर या. ज्यांना आमच्याकडची बघायची आहे त्यांनी आधी कळवा, थेट येऊ नका. पूजेच्या जागी कॅमेरा चालणार नाही. येताना तांदूळ आणि नारळ आणा, जेवण सगळ्यांचं एकत्र होतं.

लव्हाळा
मी येणार. ठाण्याहून आणखी कोणी असेल तर डहाणू लोकलने एकत्र जाऊ.

सुरंगी
वसईहून मी. निरोप पाठवते.